सेफगार्ड लिहिलेत आठ, धरायचे किती?

मागच्या अंकात मी एक ओळ सहज लिहून गेलो होतो की केमिकल प्लांटच्या फाइलीत जेवढे सेफगार्ड, म्हणजे अपघात अडवायच्या सोयी, लिहिलेले असतात त्यातले बरेचसे वेळ आली की हजर नसतात. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेसेज आले की हा पूर्ण महिना तेच वाचतोय. त्यातली पाच घेतलीत. काहींनी कंपनीची नावं पण लिहिली होती ती मी काढून टाकली, कारण नाव कुठलंही घातलं तरी गोष्ट तीच राहते.

प्रश्न : सर, मी तारापूरला प्रोसेस इंजिनिअर आहे, नोकरीला दीड वर्ष झालं. आमच्या सॉल्व्हंट टँक फार्मचं (साठ्याच्या टाक्यांची जागा) हॅझॉप, म्हणजे काय काय बिघडू शकतं याची तपासणी, झालं, त्यात टँक ओव्हरफ्लोसमोर आम्ही आठ सेफगार्ड लिहिले. नंतर लोपा, म्हणजे त्यातले सेफगार्ड खरंच किती धरायचे याचा हिशेब, करायला बाहेरून एक मॅडम आल्या, त्यांनी आठातले सात खोडले आणि एकच ठेवला, तोही अर्धवट. आमचे मॅनेजर जाम भडकलेत. नक्की बरोबर कोण?

मॅडम बरोबर. मॅनेजरसाहेबांचा राग समजू शकतो, आठ ओळी लिहायला त्यांनी तीन-चार दिवस एसी रूममध्ये बिस्किटं खात काढले असणार, पण मॅडमच बरोबर.

गोंधळ कुठे होतो सांगतो. हॅझॉपमध्ये आपण काय करतो, पी अँड आयडी, म्हणजे पाइप आणि उपकरणांचं ड्रॉइंग, टेबलावर पसरायची, एकेक नोड म्हणजे त्यातला एकेक भाग घ्यायचा आणि विचारत सुटायचं, फ्लो जास्त झाला तर, कमी झाला तर, उलटा गेला तर, आलाच नाही तर. ही पद्धत १९६० च्या दशकात इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत तयार झाली आणि ती मुळातच डोकं मोकळं सोडायची पद्धत आहे, त्यामुळे सेफगार्डच्या कॉलममध्ये ज्याला जे सुचेल ते लिहिलं जातं, त्यात चूक काही नाही. लोपा मात्र वाण्याच्या वहीसारखं असतं. तिथे एकेका सेफगार्डला पुढे बोलवून विचारतात, बाकीचे सगळे झोपले तर तू एकटा हा अपघात थांबवशील का, जे बिघडलंय त्याच्याशी तुझं काही नातंगोतं नाही ना, आणि तू काम करतोस याचा पुरावा दाखव.

आता तुमची यादी बघू, तुम्ही फोटो पाठवलाय म्हणून बरं झालं. लेव्हल ट्रान्समीटर (टँक किती भरला ते दाखवणारं गेज), त्याच ट्रान्समीटरचा हाय अलार्म, वेगळा हाय-हाय स्विच जो पातळी फारच वर गेली की पंप बंद करतो, ऑपरेटरचा राऊंड, एसओपी (कामाची लेखी पद्धत), ट्रेनिंग, डाइक वॉल (टँकभोवतीची बांधाची भिंत), फायर हायड्रंट. पहिले दोन लगेच बाद, कारण ओव्हरफ्लो होणार कशाने, तर ट्रान्समीटर चुकीचं रीडिंग दाखवल्याने, आणि अलार्म त्याच्याच जिवावर आहे, म्हणजे चोरालाच पहाऱ्याला बसवल्यासारखं झालं. एसओपी आणि ट्रेनिंग हवंच, पण तो पाया आहे, त्याला वेगळी भिंत म्हणून मोजत नाहीत. ऑपरेटरचा राऊंड दोन तासांनी, टँक भरतो पाऊण तासात, मग राऊंडचा उपयोग काय? हायड्रंट आग लागल्यावर. डाइकमध्ये सॉल्व्हंट साठेल हे खरं, पण त्याची वाफ डाइकचं ऐकत नाही. उरला हाय-हाय स्विच.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर बन्सफील्ड आठवा. लंडनच्या उत्तरेला मोठा ऑइल डेपो, ११ डिसेंबर २००५, रविवारची पहाट. पाइपलाइनने टँकमध्ये पेट्रोल येत होतं आणि तीनच्या सुमाराला गेज अडकलं, म्हणजे पेट्रोल वर चढतंय आणि स्क्रीनवर आकडा तिथल्या तिथे. साडेपाच वाजून गेल्यावर टँक वरून वाहायला लागला, ६ वाजून १ मिनिटाने स्फोट. अडीच लाख लिटरच्या वर पेट्रोल सांडलं होतं. रविवारची पहाट म्हणून आजूबाजूची ऑफिसं रिकामी होती, त्यामुळे कोणी गेलं नाही, पण ४० च्या वर माणसं जखमी झाली. आणि ऐका, तेच गेज त्या आधीच्या साडेतीन महिन्यांत १४ वेळा अडकलं होतं! दर वेळी कोणीतरी ते सोडवायचं आणि काम पुढे चालू. तुमच्यासारखा वेगळा हाय-हाय स्विच तिथेही होता, नवाच बसवलेला. त्याला टेस्ट करायची एक दांडी होती आणि ती दांडी चालू पोझिशनमध्ये राहावी म्हणून एक कुलूप लावायचं असतं. ते कुलूप लावलंच नव्हतं, कारण ते नुसतं चोरीबिरीसाठी असेल असा समज, कशासाठी ते कोणी सांगितलंच नाही. कुलपाअभावी स्विच मेलेला, आणि कागदावर जिवंत.

म्हणून मॅडमनी तो एक ठेवला तोही अर्धवट. तुम्हीच लिहिलंय की त्याच्या टेस्टचं रेकॉर्ड मिळालं नाही.

थोडा हिशेब करून दाखवतो, मॅनेजरसाहेबांना पण दाखवा. गेजचा लूप, म्हणजे गेज आणि त्यावर चालणारी पूर्ण साखळी, १० वर्षांत एकदा दगा देतो असं धरायची पद्धत आहे. स्विच चांगला ठेवला आणि तरी दहातून एकदा तो चालला नाही असं धरलं, तर ओव्हरफ्लो १०० वर्षांत एकदा. ऐकायला छान वाटतं ना, १०० वर्षं, तोपर्यंत आपण सगळे रिटायर. पण तुमच्याकडे असे २० टँक आहेत म्हणता, मग पूर्ण टँक फार्मला ५ वर्षांत एक ओव्हरफ्लो येतो हो! आणि माणूस मरू शकतो अशा प्रसंगाला कंपन्या १० हजार वर्षांत एकदा किंवा त्याहून कडक टार्गेट ठेवतात, प्रत्येकीचा आकडा वेगळा असतो. ठिणगी मिळेलच असं नाही, त्या वेळी तिथे माणूस असेलच असं नाही, याची थोडी सूट मिळते, तरी मधली दरी लहान नाही. ती भरायला सिल-२ चा लूप लावा (सिल म्हणजे लूप किती भरवशाचा याची मोजपट्टी), किंवा आधी हा विचार करा की एवढा माल साठवायची गरज आहे का. दुसरा उपाय स्वस्त असतो आणि का कोण जाणे कोणालाच आवडत नाही.

आणखी एक, स्विचवर सिलचं सर्टिफिकेट आलं म्हणजे लूप सिलचा झाला असं नसतं. सेन्सर, मधलं लॉजिक आणि शेवटचा व्हॉल्व्ह किंवा पंपाचा काँटॅक्टर (त्याची वीज जोडणारा-तोडणारा स्विच), तिन्ही मिळून लूप, आणि माझ्या अनुभवात रडतो तो बहुतेक वेळा शेवटचा व्हॉल्व्ह, कारण तो वर्षानुवर्षं उघडाच उभा असतो आणि ज्या दिवशी बंद हो म्हणावं त्या दिवशी जाम. टेस्टचं गणित पण सोपं आहे. समजा तो स्विच २० वर्षांत एकदा असा बिघडतो की कोणाला कळतच नाही. वर्षातून एकदा टेस्ट केला तर हाक मारल्यावर तो गैरहजर असण्याची शक्यता शंभरात अडीच. दहा वर्षं कोणी हातच लावला नाही तर तीच शक्यता शंभरात वीस-पंचवीसवर जाते. स्विच तोच, कंपनी तीच, सर्टिफिकेट तेच.

प्रश्न : काका, मी लोट्याला पॅनेल ऑपरेटर आहे, आयटीआयला एओसीपी (केमिकल प्लांट ऑपरेटरचा कोर्स) केलंय. आमच्या एका रिअॅक्टरचा हाय प्रेशर ट्रिप (प्रेशर वाढलं की आपोआप बंद करणारी सोय) महिन्यातून तीन-चारदा उगाच येतो, बॅच जाते, मग वरून फोन. आता शिफ्ट इनचार्ज सरळ सांगतात की ट्रिप फोर्स करून ठेव, म्हणजे तो येऊच देऊ नको. मी करतो. पण रात्री झोप नीट लागत नाही. काय करू?

झोप लागत नाही हे चांगलं लक्षण आहे, तुझ्या इनचार्जला लागतेय त्याचं मला जास्त टेन्शन आलंय.

पहिली गोष्ट, "उगाच" हा शब्द तपासून बघ. तीन-चार ट्रिप आले त्या प्रत्येक वेळचा ट्रेंड काढ, प्रेशर खरंच वर गेलं होतं का, की ट्रान्समीटरची इम्पल्स लाइन (प्रेशर त्याच्यापर्यंत नेणारी बारीक नळी) चोक होती, की केबलमध्ये पाणी होतं. कोकणातला पावसाळा, जंक्शन बॉक्समध्ये पाणी काय नवीन नाही. मी एका ठिकाणी असाच "उगाच येणारा" ट्रिप बघितला होता, ट्रेंड काढला तर दर वेळी चार्जिंग थोडं घाईने झालं होतं, म्हणजे ट्रिप बिचारा आपलं काम करत होता आणि आपण त्यालाच शिव्या घालत होतो. आणि इन्स्ट्रुमेंटच खराब असेल तर एका ट्रान्समीटरऐवजी तीन लावून तिन्हीतल्या दोघांनी सांगितलं तरच ट्रिप, अशी सोय करता येते. पैसे लागतात, पण तीन बॅच गेल्या त्याचे किती लागले ते विचार की इनचार्जना.

दुसरं, बायपास, म्हणजे ट्रिप तात्पुरता बाजूला ठेवणं, लागतो कधी कधी, तो पूर्ण बंद करा म्हणणारे लोक प्लांटमध्ये काम केलेले नसतात. पण फोर्स करायचा तर लेखी. कोणी परवानगी दिली, किती वाजेपर्यंत, तोपर्यंत त्या ट्रिपच्या जागी काय, म्हणजे फील्डला वॉकी-टॉकी घेऊन गेजसमोर माणूस उभा आहे का, आणि प्रेशर किती झालं की हाताने बॅच थांबवायची. परवानगी देणारा तो नको ज्याच्या प्रॉडक्शनच्या आकड्याला त्याचा फायदा आहे. आणि शिफ्ट बदलताना तोंडी नाही, लॉगबुकमध्ये लाल पेनाने. पूर्वी जंपर मारला, म्हणजे वायर जोडून ट्रिप चुकवला, की पॅनेलच्या मागे वायर लोंबकळताना तरी दिसायची, आता स्क्रीनवर एक क्लिक केलं की फोर्स, आणि सहा महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे एवढं का ताणतोय? भोपाळमुळे. लोकांना वाटतं तिथे सेफ्टी नव्हतीच, तसं नाही रे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० नंबरच्या टँकमध्ये साधारण ४० टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन होतं आणि त्याच्याभोवती थराथराने बंदोबस्त होता. टँक थंड ठेवायचं रेफ्रिजरेशन होतं, ते जूनपासूनच बंद होतं. तापमानाचा अलार्म होता, पण टँक थंड नसल्याने तो कायम वाजला असता म्हणून निकामी. गॅस धुवायचा स्क्रबर स्टँडबायवर. जाळून टाकायला फ्लेअर होता, त्याच्या लाइनचा पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला. पाण्याचे फवारे मारले ते गॅस जिथून येत होता त्या उंचीवर पोचलेच नाहीत. यातल्या एकेका गोष्टीला त्या दिवशी कारण होतं, प्लांट बंद आहे, खर्च कमी करायचाय, दुरुस्ती चालूय. एकेकटं बघितलं तर तुझ्या इनचार्जच्या कारणाएवढंच साधं कारण. सगळी एकत्र करून एका कागदावर कोणी लिहिली नाहीत.

म्हणून तू एक कर, आज तुमच्या प्लांटमध्ये किती गोष्टी फोर्स आहेत, किती अलार्म बंद करून ठेवलेत, कुठला पंप स्टँडबायविना चालतोय, याची एका पानावर यादी कर आणि सेफ्टी कमिटीतल्या तुमच्या माणसाच्या हातात दे. आणि माहीत असू दे, भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरीज अॅक्टमध्ये जी दुरुस्ती झाली त्यात ४१-एच हे कलम आलं ते याचसाठी, की जिवाला धोका आहे असं वाटलं तर कामगाराला मॅनेजरला आणि त्याच वेळी इन्स्पेक्टरला कळवता यावं. २०२५ मध्ये तो कायदा जाऊन नवी कामगार संहिता आली, पण हा हक्क तिथेही आहे. यादी देताना भांडू नकोस, नुसती दे आणि तारीख टाकून एक कॉपी ठेव.

प्रश्न : सेफ्टी व्हॉल्व्ह (प्रेशर वाढलं की उघडून ते बाहेर सोडणारे) दर वर्षी टेस्ट होतात, सर्टिफिकेट आहे, तेवढं पुरेसं आहे का? — मेंटेनन्स सुपरवायझर, कुरकुंभ

सर्टिफिकेट ठेवा बाजूला आणि उद्या सकाळी व्हॉल्व्हच्या खालचा ब्लॉक व्हॉल्व्ह (लाइन बंद करायचा हाताचा व्हॉल्व्ह) उघडा आहे का तेवढं बघून या, हँडलला सील किंवा लॉक आहे का ते पण. टेस्टला काढताना बंद केलेला ब्लॉक व्हॉल्व्ह परत उघडायचा राहून गेला की सर्टिफिकेट फक्त फ्रेम करायच्या कामाचं. वरचा डिस्चार्ज कुठे सोडलाय तेही बघा, शेजारच्या जिन्यावर नको.

प्रश्न : साहेब, माझं छोटं युनिट आहे, तीन ग्लास लाइन्ड रिअॅक्टर, २२ माणसं. एक्सपोर्टच्या पार्टीने हॅझॉप रिपोर्ट मागितला म्हणून एका कन्सल्टंटकडून करून घेतला, ४० पानं आली. पण त्यात पान १७ वर दुसऱ्याच कंपनीचं नाव आहे. खरं सांगू का, १५ वर्षांत माझ्याकडे साधी आगसुद्धा लागली नाही. परत खर्च करू का?

पान १७ वाचून मी एवढ्या मोठ्याने हसलो की आतून बायको बघायला आली. तुम्ही निदान १७ पानं वाचलीत हे तरी बरं, बरेच मालक स्पायरल बायंडिंग मोजून पेमेंट करतात.

परत करा. पण कन्सल्टंटच्या ऑफिसात नाही, तुमच्या युनिटमध्ये, आणि खोलीत तुमचा सगळ्यात जुना ऑपरेटर बसलाच पाहिजे, तो काय बोलतो ते बायंडिंगपेक्षा महाग आहे. आधी पी अँड आयडी हातात घेऊन फील्डला फिरा, ड्रॉइंगमध्ये आहे ते जागेवर आहे का. बॅच प्रोसेसला फ्लो जास्त-कमी एवढं विचारून भागत नाही, बॅच शीटची एकेक पायरी घेऊन विचारायचं, ही पायरी राहिली तर, दोनदा झाली तर, आधीची नंतर केली तर, ड्रम दुसऱ्याच मालाचा निघाला तर. आणि एक प्रश्न माझ्याकडून, मटेरियल सोडणं चालू आहे आणि मध्येच अॅजिटेटर (आतला माल ढवळणारा पंखा) बंद पडला तर? लाइट गेली, आपल्याकडे जातेच. मटेरियल आत पडत राहतं, मिसळत नाही म्हणून रिअॅक्शन होत नाही, तापमान छान दिसतं. मग लाइट येते आणि कोणीतरी हुशारीने अॅजिटेटर चालू करतो आणि तासाभराचं साठलेलं एकदम पेटतं. यावर इंटरलॉक एकदम स्वस्त आहे, अॅजिटेटर थांबला की डोझिंगचा व्हॉल्व्ह बंद. आणि परत चालू करायचा की नाही हे आधीच लिहून ठेवा, रात्री दोनला ठरवायला लावू नका.

आता तुमच्या १५ वर्षांबद्दल. अमेरिकेत फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला टी-२ लॅबोरेटरीज नावाचं छोटं युनिट होतं, पेट्रोलमध्ये घालायचं एक अॅडिटिव्ह बनवायचे, एक रिअॅक्टर, थोडी माणसं, अगदी तुमच्यासारखं. ४२ व्या बॅचला त्यांनी बॅचचा आकार साधारण एक तृतीयांशाने वाढवला, रिअॅक्शनचा नव्याने अभ्यास न करता. तरी पुढे शंभरच्या वर बॅच निघाल्या. १९ डिसेंबर २००७ ला १७५ वी बॅच चालू असताना कूलिंग गेलं, आणि कूलिंगला दुसरी सोय नव्हती, रिअॅक्टर फुटला. चार जण गेले, त्यात एक मालक होता. ३२ जखमी, बहुतेक सगळे आजूबाजूच्या युनिटमधले. नंतर चौकशीत कळलं की ठराविक तापमानाच्या वर गेलं की तिथे दुसरीच, जास्त भयंकर रिअॅक्शन सुरू होत होती, आणि हे त्या लोकांना माहीतच नव्हतं, कारण तेवढ्या तापमानापर्यंत ते कधी गेलेच नव्हते. आधीच्या १७४ बॅचनी त्यांना त्याबद्दल काहीच शिकवलं नाही.

तर पैसे खर्च करायचेत ना, मग पहिले रिपोर्टवर नाही, तुमच्या सगळ्यात गरम रिअॅक्शनची कॅलरीमेट्री करून घ्या, लॅबवाले छोटं सॅम्पल घेऊन सांगतात की कूलिंग गेलं तर तापमान कुठपर्यंत चढेल आणि तुमच्या हातात किती मिनिटं आहेत. हातात पाच मिनिटं असतील तर "ऑपरेटर लक्ष देईल" हा सेफगार्ड खोडा. एकच कूलिंग वॉटर पंप असेल तर दुसरा लावा, आणि तो डिझेलवर किंवा निदान जनरेटरवर. रप्चर डिस्क (प्रेशर फार वाढलं की आधी फुटून वाट देणारी चकती) कोणी किती साइझची काढली होती त्याचं कॅल्क्युलेशन शोधा. सापडणार नाही बहुतेक, "आधीच्या रिअॅक्टरला हीच होती" असं उत्तर मिळेल.

प्रश्न : दादा, आम्ही डोंबिवलीला एमआयडीसीच्या बाजूला राहतो. मधे मधे सायरन वाजतो, कोणी सांगतं मॉक ड्रिल, कोणी सांगतं शिफ्टचा भोंगा. खरा वाजला तर काय करायचं आणि आम्ही कंपनीला काही विचारू शकतो का?

ताई, विचारू शकता. धोकादायक रसायनांचे १९८९ चे जे नियम आहेत त्यात मोठा साठा असणाऱ्या कारखान्याने आसपासच्या लोकांना धोका काय आणि तेव्हा काय करायचं ही माहिती द्यायची असते, आणि १९९६ च्या नियमांनी जिल्ह्याचा आणि औद्योगिक भागाचा लोकल असे क्रायसिस ग्रुप ठरवून दिलेत. तुमच्या सोसायटीचं पत्र तिथे जाऊ द्या, एकट्याने जाण्यापेक्षा चार सोसायट्या मिळून.

खरा वाजला तर पहिले पळू नका. वारा कुठून येतोय बघा, सोसायटीच्या गच्चीवर एक झेंडा किंवा जुनी ओढणी बांधून ठेवा, हसू नका, विंडसॉक म्हणजे तेच असतं. बाहेर काही दिसत किंवा वास येत असेल तर दारं-खिडक्या-एसी-एक्झॉस्ट बंद, फटींना ओले टॉवेल, नाकाला ओला रुमाल. बाहेर निघायलाच लागलं तर वाऱ्याबरोबर नाही, वाऱ्याला आडवं जायचं. क्लोरीनसारखे वायू जड असतात, खाली साचतात, म्हणून तळमजल्यापेक्षा वरचा मजला बरा. पण आग किंवा स्फोटाचा धोका असेल तर इमारत सोडायला सांगतील, तेव्हा वरच बसून राहू नका.

आणि कंपनीला भेटलात तर त्यांचे साठे किती, टँक किती हे विचारून फार काही हाती लागणार नाही, चकचकीत प्रेझेंटेशन दाखवतील आणि वर समोसा-चहा. त्यापेक्षा एक विचारा. भोपाळला लोकांसाठीचा सायरन वाजवून थोड्या वेळात बंद केला होता, पुन्हा वाजला तेव्हा माणसं रस्त्यात पडायला लागली होती. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरिनची वाफ वस्तीत शिरली, कारखान्यात ३६ ठिकाणी सायरनची बटणं होती आणि सायरन वाजला नाही. तर विचारा की रात्री तीन वाजता गळती दिसली तर तुमच्याकडे सायरनचं बटण कोण दाबतो, आणि त्याला दाबायच्या आधी कोणाला फोन करावा लागतो का. उत्तर द्यायला ते एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले तर तसं मला लिहून कळवा.